पाचर

घणसोली गावठाणात माझ्या मामांचं घर अजून कौलारू आहे. दोन्ही अंगांना चार-चार मजले उठले, मधे हे दबून बसलंय. घराला सागाच्या तुळयांवर फळ्या ठोकून केलेला माळा आहे आणि तो करकरतो. मांजर चाललं तरी खालून मामीची हाक ठरलेली, "कोन हाय रं माल्याव?"

यंदा मे महिन्यात शेवटी सुतार बोलावला. त्याआधी आमचे घरगुती इलाज होऊन गेले होते. फळ्यांच्या सांध्यांत कॅरमची पावडर भरली. आठवडाभर सामसूम, मग पुन्हा तेच. वरून नवे खिळे मारले, तेही पावसाळा उलटल्यावर ढिले. लाकूड पावसात आडवं फुगतं, उन्हात आकसतं. खिळा आहे तेवढाच राहतो. दर वर्षीच्या या ओढाताणीत भोक सैल होतं. मग पाय पडला की फळी खिळ्याला घासत खाली जाते, उचलला की वर येते. क्षणभर अडकते, निसटते, पुन्हा अडकते. सारंगीच्या तारेवरून गज असाच चालतो, फक्त आमच्या माळ्याला सूर नाही. क्योतोच्या निजो किल्ल्यातली लाकडी जमीन पाखरासारखी चिवचिवते म्हणे, आणि चोराची चाहूल लागावी म्हणून ती मुद्दाम तशी केली अशी दंतकथा आहे. तिथेही आवाज खिळा लोखंडी आकड्याला घासल्याचाच. आमच्याकडे कौतुक करायला पर्यटक येत नाहीत, एवढाच फरक.

सुतार माळ्यावर चढलाच नाही. त्यानं मला वर धाडलं आणि स्वतः खाली घोड्यावर उभा राहिला, एक हात तुळईला, दुसऱ्यात खडू. "चाला, ताई." मी चालले. "मागं या. तिथंच. आता टाचेवर जोर द्या." एकेका जागी त्यानं मला पाच-पाच वेळा नाचवलं. वर मला वाटायचं आवाज पायाखाली आहे. तो खालून सांगायचा, हातभर पलीकडे. खाली उतरून पाहिलं तर तुळयांवर अकरा फुल्या. फुलीपाशी फळी तुळईवर टेकलेलीच नव्हती. रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट.

"वर काय ठेवायचे?" त्यानं मामीला विचारलं.

भात. दुसरं काय ठेवणार? माळ्यावर कणग्या असायच्या, दीड-दोन खंडी भात वर्षभर त्या फळ्यांवर बसून असे. तेवढं ओझं असल्यावर फळी उठेल कशाला? १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, आणि पुढच्या काही वर्षांत मामांचं शेत गेलं. मामा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत लागले. कणग्या आधी रिकाम्या झाल्या, मग चुलीत गेल्या. मामी हिशेब लावत म्हणाली की माळा बोलायला लागला तो त्यानंतरच. इतकी वर्षं आम्ही सगळे लाकडाच्या म्हातारपणाला दोष देत होतो.

पाचर मारणे म्हणजे आपल्याकडे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे. ऑफिसात हा शब्द मी रोज ऐकते. सुतारानं मात्र पाचर जुन्या सागाच्या तुकड्यातून तासली, बोटभर लांब, एका टोकाला पोस्टकार्डाइतकी पातळ. तिला फेविकॉल लावला आणि अंगठ्यानं फटीत सरकवली. हातोडीनं फक्त दोन हलके टोले. मी म्हटलं, जरा जोरात मारा ना. तो म्हणाला, "जोरात मारली की फळी उचलते आणि शेजारची ओरडायला लागते. फट भरायची, फळी नाही उचलायची." जिथे फट लांब होती तिथे त्यानं तुळईला लगटून लाकडी ठोकळा बसवला आणि खालून स्क्रू पिळले. आधी बारीक भोक, मग ठोकळा आणि फळी मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा आखूड स्क्रू. टोक वर निघालं तर अनवाणी पायाचं काही खरं नाही.

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमधली लाकडी दिसणारी जमीनही हल्ली एका कोपऱ्यात कुरकुरते. पण तिच्याखाली स्लॅब आणि स्लॅबखाली देशपांडे.

सातव्या फुलीपाशी तो थांबला. पाचर आत जाईना. पटाशीचं पातं फटीत घालून त्यानं खरवडलं, तसा धुळीबरोबर त्याच्या डोक्यावर तूस पडलं. मूठभर असेल. मामी पडवीतून उठून आली, जमिनीवर बसून वेचू लागली. बहुतेक सगळे पोचट. एक दाणा तेवढा भरलेला लागला. तो तिनं नखानं सोलला आणि दाराकडच्या उजेडात धरला. तांबडा होता.

"राता," ती म्हणाली. "खारीतला."

सुतारानं केस झटकले आणि पाचर पुन्हा फटीला लावून पाहिली. आता सरकली.