वही कोणाच्या हाती?

यंदाच्या उन्हाळ्यात नाशिकमध्ये स्वयंसेवी संस्थांच्या एका चर्चासत्रात मी भेदभावविरोधी धोरणाविषयी बोललो. बोलणं संपताच एक ज्येष्ठ संस्थाचालक उभे राहिले. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं पाड्यांवर घालवली आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. ते म्हणाले, "धोरणं कंपन्यांना लागतात. आमची संस्था म्हणजे कुटुंब आहे. घरात कुणी समान संधीचा कागद भिंतीवर लावतं का?" सभागृहात टाळ्या पडल्या. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो आहे.

आधी 'कुटुंब' हा शब्द घेऊ. विषमता आपण पहिल्यांदा कुठे शिकलो? शेवटी कोण जेवतं, सातबाऱ्यावर कोणाचं नाव लागतं, पैशाची ओढाताण झाली की कोणाची शाळा सुटते, हे धडे घरातच मिळाले. घरात प्रेम असतं, म्हणूनच हे धडे खोल रुजतात. संस्थेला कुटुंब म्हटलं की कोणीतरी आपोआप कुटुंबप्रमुख होतो आणि बाकीचे पन्नाशी उलटली तरी धाकटेच राहतात. धाकट्याने पगारवाढ मागितली तर तो हिशेबी ठरतो. तक्रार केली तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणारा ठरतो.

'मानधन' हा दुसरा शब्द. वेतन हा हक्क असतो, ते कमी असेल तर भांडता येतं. मानधनात मान आधी येतो आणि मानाबद्दल घासाघीस करणं आपल्याकडे अशोभनीय समजतात. म्हणून पाड्यावरच्या बालवाडीताईला मानधन मिळतं आणि शहरातल्या कार्यालयातल्या लेखापालाला पगार. सेवाभावाची अपेक्षा मात्र ताईकडून जास्त असते.

हे मी बाहेरून पाहून लिहीत नाही. काही वर्षं मी एका संस्थेत काम केलं. पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात आमचे एक कोकणा आदिवासी सहकारी होते. कोणत्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते, कोणत्या घरातली माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामावर उतरतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या डायरीवरून मी इंग्रजीत अहवाल करायचो. माझा पगार त्यांच्या दुपटीहून जास्त होता. पुढे प्रकल्प समन्वयकाची जागा रिकामी झाली. जाहिरात निघाली नाही, ओळखीतून माणूस आला. त्या सहकाऱ्यांना डावललं असंही म्हणता येणार नाही, कारण डावलायला आधी नाव यादीत यावं लागतं. ते यादीत आलंच नाही आणि मीही ते घातलं नाही. नाशिक जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर चार माणसांमागे एक आदिवासी आहे. त्यांच्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांत हे प्रमाण किती, हे प्रत्येक संस्थेने आपल्यापुरतं मोजून पाहावं.

कायद्याने या प्रश्नाला हात घातलेला आहे. बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्यात २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने धर्मादाय संस्थांनाही 'उद्योग' या संज्ञेच्या कक्षेत आणलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा मुद्दा साधा होता. संस्थेचा हेतू परोपकाराचा असेल, पण तिथे मजुरीवर काम करणारा परोपकार करायला आलेला नसतो. जिथे माणसं ध्येयापोटीच, विनामूल्य वा नाममात्र मोबदल्यावर काम करतात, त्या आश्रमांना आणि मोफत दवाखान्यांना त्यांनी वगळलं होतं. ही रेषा योग्य होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेतल्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतूनच बाहेर काढल्या. संस्थेचा हेतू चांगला असला की तिथल्या नोकराचं संरक्षण कमी झालं तरी चालतं, असा याचा अर्थ होतो. मला हे चुकीचं वाटतं.

तरीही संस्थांना सगळीच मोकळीक नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो आणि त्याच्या व्याख्येत न्यास आणि सोसायट्याही येतात. तेव्हा भिंतीवर लावायचा कागद कायद्यानेच सांगितलेला आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या विशाखा निकालातून आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरी देवी आहेत. त्या सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या, म्हणजे गावपातळीवर तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या. बालविवाह रोखण्याचं काम करताना त्यांच्यावर अत्याचार झाला. देशभरातल्या कार्यालयांतल्या स्त्रियांना संरक्षण मिळालं ते गावातल्या एका मानधनावरच्या बाईच्या वेदनेतून.

पण माझा मुख्य वाद कायद्याशी नाही. तो एका जुन्या पत्राने कधीच मांडून ठेवला आहे. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यतेविरुद्ध अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तिचंच नाव पुढे हरिजन सेवक संघ झालं. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्कर बाप्पा चिटणीस. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या डॉ. आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्कर बाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. सेवाभावी संस्था कशी असावी यावरचा याहून नेमका मजकूर मी वाचलेला नाही.

पत्रात चार गोष्टी आहेत. विहिरी, शाळा, चावडी यांवरचे नागरी हक्क मिळवून द्या. कामधंद्यात संधीची समानता आणा: मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद आहेत आणि रेल्वेत त्यांना गँगमनच्या पुढे जाता येत नाही. सवर्णांच्या घरांत त्यांना येऊ द्या, सामाजिक व्यवहार वाढू द्या. आणि चौथी, ही कामं करणारी माणसं शक्यतो त्याच समाजातून घ्या. पगारापुरतं राबणारा आणि आपल्या माणसांसाठी जिवाचं रान करणारा यांत फरक असतो, हा त्यामागचा युक्तिवाद. आपल्या समाजातही समाजसेवेचा आडोसा घेणारे लबाड आहेत हे त्यांनी त्याच पत्रात मान्य केलं. या प्रामाणिकपणामुळे युक्तिवादाचं वजन वाढतं. १९४५च्या ग्रंथात आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे की या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. पुढे ते संघापासून दूर झाले.

संघामागे उभ्या असलेल्या गांधीजींची बाजू अशी: अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप, तेव्हा प्रायश्चित्तही त्यांचंच. ऋण त्यांचं, फेडायचं त्यांनीच, म्हणून संस्था त्यांनीच चालवायची. कित्येक वर्षं मला ही केवळ पळवाट वाटत होती. आता तसं वाटत नाही. ज्याने अन्याय केला त्याने आपला वेळ, पैसा आणि झोप खर्च करावी, हे म्हणणं नैतिकदृष्ट्या भक्कम आहे. पीडितालाच सगळं ओझं वाहायला लावणं हाही अन्याय आहे. चर्चासत्रातले ते ज्येष्ठ चाळीस वर्षं पाड्यांवर राहिले ते याच भावनेने. त्यांच्या त्यागाला मी कमी लेखत नाही.

पण ऋणकोने ऋण फेडावं, वही मात्र आपल्याच हाती ठेवू नये. किती फिटलं आणि किती उरलं, हे ज्याला देणं आहे त्यानेही पाहिलं पाहिजे.

इथे मला माझीच जुनी भूमिका बदलावी लागते. मी वर्षानुवर्षं म्हणत आलो की स्थानिक माणसं कामाला घ्या. संस्थांनी ते ऐकलंही. आज सुरगाण्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात फील्डवर्कर बहुतेक स्थानिक असतात. आंबेडकरांची चौथी मागणी पाळली गेली असं वाटतं, पण ती खालच्या पायरीवर अडली आहे. 'तुला तुझ्या लोकांची भाषा येते' हे कौतुक त्या तरुणाला पाड्यावरच बांधून ठेवतं. प्रस्ताव लिहिणं, देणगीदाराशी बोलणं, धनादेशावर सही करणं त्याच्यापर्यंत येत नाही. विणकाम खात्याचं बंद दार आता आपल्या संस्थांमध्ये आहे. म्हणून नोकरभरतीतली समानता मला आता अपुरी वाटते. समान संधीची खरी कसोटी एकच: संस्थेतल्या निर्णयाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

याचं उत्तर १९२४मध्येच दिलं गेलं होतं. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर होते. व्यवस्थापक मंडळाची सूत्रं मात्र आंबेडकरांकडे होती आणि चिटणीस होते सीताराम शिवतरकर. मदत करणाऱ्यांना मानाचं स्थान, कारभार ज्यांचा प्रश्न त्यांच्या हाती.

नाशिकनेही हे पाहिलं आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व आंबेडकरांचं, आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड. गावोगावची माणसं गोळा करण्यापासून आंबेडकरांशी पत्रव्यवहार करण्यापर्यंतचा भार त्यांनी वाहिला. लढा पाच वर्षं चालला आणि १९५७मध्ये हेच दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्या वेळच्या एखाद्या संस्थेने त्यांना गावपातळीवरचा कार्यकर्ता म्हणून नेमून तिथेच ठेवलं असतं, तर आपण काय गमावलं असतं याचा विचार करावा.

म्हणून त्या ज्येष्ठांना माझं सांगणं आहे: कागद लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक रिकाम्या जागेची जाहिरात द्या, ती पेठच्या आणि कळवणच्या महाविद्यालयांतही लावा. मुलाखत मराठीत घ्या, इंग्रजी अहवालासाठी भाषांतरकार नेमा. सर्व पदांची वेतनश्रेणी सर्वांना दिसेल अशी ठेवा. विश्वस्तपदाला मुदत घाला आणि ते मुलामुलींकडे वारशाने जाऊ देऊ नका. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या कार्यकर्तीची जागा राखून ठेवा. फील्डवर काम केलेल्या किमान दोन माणसांना विश्वस्त मंडळात घ्या आणि बँकेच्या खात्यावर त्यांची सही चालू द्या.

वाचकांनाही एक विनंती. दिवाळीत तुमच्यापैकी अनेक जण एखाद्या संस्थेला देणगी देतात. यंदा धनादेश लिहिण्याआधी त्या संस्थेला दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेतन किती आहे? आणि ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता, त्यांच्यातली किती माणसं तुमच्या विश्वस्त मंडळात आहेत? उत्तर लेखी मागा, आणि ते वाचल्यावरच सही करा.