ग्रहण कुणासाठी लागत नसते

शाळेच्या पटांगणात दुर्बीण मांडून गावकऱ्यांना शनीची कडी दाखवणे, याला समाजप्रबोधन म्हणावे की हौस? आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. "शनी बघून पोटाला काय मिळणार?" असे म्हणणारा माणूस अडाणी नसतो, त्याने पावसाळे कोरडे गेलेले पाहिलेले असतात. परंतु मला वाटते, आकाश पाहण्याचा प्रश्न पोटाइतकाच दोषाचाही आहे. वर काही घडले की खाली आपण कुणाला दोषी धरतो, याचा.

इसवी सन 632 मध्ये मदिनेत सूर्यग्रहण लागले. अभ्यासक गणिताने ती तारीख 27 जानेवारी सांगतात. प्रेषित मुहंमद पैगंबरांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम त्याच दिवशी वारला होता. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. पैगंबरांनी ते नाकारले. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणासाठी किंवा जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले तर नमाज पढा, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. नुसते गप्प बसले असते तरी त्यांचा मोठेपणा वाढलाच असता. दुःखात बुडालेल्या बापाने आपल्या बाजूची खोटी साक्षसुद्धा घेतली नाही. ग्रहणाच्या नमाजेविषयी आपण वाचतो, ऐकतो. या नकाराविषयी मात्र फारसे बोलत नाही.

आता आपल्याकडे या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीत गेली. हजारो माणसे झोपेतच दगावली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. अशा वेळी 'हे कुणाच्या पापाचे फळ?' असा प्रश्न निघतोच, आणि उत्तरे देणारेही सगळ्या धर्मांत असतात. या उत्तराची किंमत मेलेल्यांना मोजावी लागते. जीव तर गेलाच, वर पापीही ठरायचे. जिवंत माणसांनाही ते महाग पडते. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. पापाचे उत्तर पटले की भिंतीकडे कोण बघणार?

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगता येऊ लागली, मग 'निशाणी' कसली राहिली? विज्ञान सांगणारे काही वक्ते इथे चुकतात. भीती वाटणाऱ्याला हसून ते त्याला दूर लोटतात. माझ्या समजुतीप्रमाणे निशाणी आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा एखाद्याकडे बोट दाखवते. निशाणी सगळ्यांना सारखीच नतमस्तक करते. गणित कळल्याने पहिली जाते, दुसरी जात नाही. किती झाले तरी सूर्यापेक्षा सुमारे 400 पट लहान असलेला चंद्र जवळपास तितक्याच पट जवळ आहे, म्हणून तो सूर्याला नेमका झाकतो, हे कळल्यावर माणूस अधिकच गप्प होतो.

पण हे कळणार कुणाला? 22 जानेवारी 1898 चे खग्रास ग्रहण पाहायला आपल्या परंड्याशेजारच्या जेऊरला मोठमोठी माणसे आली होती. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आले, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले. सूर्य पुरता झाकलेला राहिला तो सुमारे दोन मिनिटे. मुंबई-पुण्यात प्लेग होता, दुष्काळ नुकताच सरला होता. जेऊरचे आकाश छायाचित्रांच्या काचांवर कॅलिफोर्नियाला गेले. जेऊरच्या माणसांना त्यातले काय मिळाले? शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. त्यांचे काम त्यांनी चोख केले. परंतु ज्ञान पाहुण्यासारखे येऊन निघून जाते तेव्हा गावात उरते ती अफवाच. 1944 मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ. सामान्यांसाठी दुर्बिणी उघडणाऱ्या या मंडळींचे मोल म्हणूनच मोठे. आमच्या तालुक्यांपर्यंत असे हात कमीच पोहोचतात.

खरे तर आमचा शेतकरी आकाशाला परका नाही. मुसलमान कुळवाडी पेरणी मृगावर करतो आणि ईद चंद्रावर. हिजरी वर्ष दर साली सुमारे 11 दिवस मागे सरकते, मृग मात्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच निघतो. दोन्ही हिशेब एकाच घरात नांदतात. ज्याला आपण रोहिणी म्हणतो त्याच ताऱ्याला अरबांनी अल्-दबरान म्हटले, मागून येणारा. कृत्तिकांच्या मागोमाग तो उगवतो म्हणून. हे पोराला गच्चीवर उभे करून दाखवायला दुर्बीणही लागत नाही.

2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे. मक्का आणि जेद्दा येथे ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. अर्थात ढग वाटेत आले नाहीत तर. ग्रहणाचे चष्मे आधीच मागवून ठेवावे लागतील, कारण उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे धोक्याचेच. आणि ते चष्मे पुरुषांच्या घोळक्यातच फिरत राहू नयेत. त्या दिवशी गरोदर सुनेला दार लावून आत बसवायची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. मुसलमान घरेही तिला अपवाद नाहीत. तिच्या सासूला आधी बाहेर बोलावून चष्मा द्यावा आणि इब्राहीमची हकिकत सांगावी, असे मला वाटते.