हवं असण्याचं वय

एखाद्या बाईचा अमृतमहोत्सव असला की भाषणांत एक वाक्य हमखास येतं: 'त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.' टाळ्या पडतात. खांद्यावर शाल घेऊन बसलेली ती बाई मान खाली घालून हसते. मला त्या टाळ्या सोसत नाहीत. पंचाहत्तर वर्षांत एका माणसाला स्वतःसाठी काहीच हवंसं वाटलं नसेल तर ती दुःखाची गोष्ट आहे. आणि हवं होतं, पण मागता आलं नाही, असं असेल तर आपल्याला लाज वाटायला हवी.

उतारवयातल्या सुखाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्याचा सूर आवरतं घेण्याचा असतो. मन आवरा, अपेक्षा कमी करा, मुलांच्या संसारात लक्ष घालू नका. पुरुषाच्या कानी हा उपदेश अधिकार गाजवून झाल्यावर पडतो. बाईच्या कानी तो परकरात असल्यापासून पडत आलेला आहे. जिने जन्मभर शिळी पोळी स्वतःच्या ताटात वाढून घेतली, तिला साठीनंतर पुन्हा वैराग्य काय शिकवायचं? तिला कोणी विचारलंच पाहिजे तर हे विचारावं: बाई गं, तुला काय हवंय? पहिल्यांदा ती म्हणेल, 'मला आता या वयात काय हवं असणार!' तिथे थांबू नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारावं.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झालेली. 1919 मध्ये त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीत होत्या. त्या काळाच्या हिशेबाने बाईचं आयुष्य तिथे संपलेलं असायचं. लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतलं आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 मध्ये आला, तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं आणि आयुष्याची दोनच वर्षं उरली होती. मराठी गद्यातलं इतकं टवटवीत पुस्तक एका सहासष्ट वर्षांच्या विधवेने दिलं, ही गोष्ट आपण परीक्षेतल्या टिपेसारखी पाठ करतो. तिचा अर्थ घरातल्या आजीला लावून पाहत नाही. आनंदीबाई कर्व्यांचं आत्मचरित्र 'माझे पुराण' 1944 चं, म्हणजे त्यांच्या वयाच्या ऐंशीच्या आसपासचं. दुर्गाबाई भागवत 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. आणीबाणीविरुद्ध त्या उघड बोलल्या आणि तुरुंगात गेल्या. या तिघींची आयुष्यं एकमेकींपासून फार वेगळी. पण उतारवयात तिघींनाही काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

हे थोरामोठ्यांचं झालं, असं कोणी म्हणेल. मग ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जावं. तिथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावातले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारीत, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसू लागल्या. या शाळेचं मूळ मला फार मोलाचं वाटतं. गावात पारायण चालू असताना बायकांनी बोलून दाखवलं होतं, की आम्हालाही पोथी वाचता आली असती तर! साक्षरतेच्या सरकारी उद्दिष्टातून ती शाळा निघाली नाही. बायकांना काहीतरी हवं होतं, त्यांनी ते मोठ्याने म्हटलं आणि ऐकणाऱ्याने ते मनावर घेतलं. नव्वदाव्या वर्षी अक्षर शिकून उपयोग काय, हा प्रश्न मला निर्दय वाटतो. सही येते, पोथीतली ओळ लागते, नातवाच्या पुस्तकातलं नाव वाचता येतं. आणखी कसला उपयोग हवा?

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते बोलते. साठीच्या पुढच्या कितीतरी बायका लग्नाला, सहलीला, गाण्याच्या कार्यक्रमाला येत नाहीत. कारण विचारलं तर गुडघे सांगतात. गुडघे दुखतात हे खरंच. पण बऱ्याच जणींचं खरं कारण वेगळं असतं. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवीचे थेंब जातात. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, सैल पडलेले ओटीपोटाखालचे स्नायू, अशी त्याची कारणं आहेत. त्या स्नायूंचे व्यायाम असतात, उपचार असतात, बहुतेकींना त्यांचा फायदा होतो. पण डॉक्टरांसमोर हे बोलायची लाज, आणि बोललंच तर 'वयाचंच आहे' असं उत्तर. मग प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था तिला ठाऊक असते. हळूहळू घराबाहेर पडणंच बंद होतं, आणि घरचे म्हणतात, आईला आता कुठे जावंसंच वाटत नाही. तिला वाटतं. फार वाटतं. म्हाताऱ्या बाईच्या आनंदाचा विचार करणाऱ्याने अध्यात्माच्या आधी पाणी, कडी लागणारं दार आणि कमोड यांचा विचार करावा, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहिते आहे.

प्रवासाच्या बाबतीत मात्र राज्यात एक चांगली गोष्ट घडली. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना तिकीट निम्मं. महामंडळाच्या तोट्याची चर्चा व्हावी, ती गरजेची आहे. पण माहेरी भावाला भेटायला जायचं तर मुलाकडे पैसे मागावे लागत, ते ज्या बाईचं थांबलं तिला विचारा. आधार कार्ड पिशवीत टाकून, कोणाला न विचारता निघता येणं काय असतं, ते तिला कळलं आहे.

नातवंडांबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण ते प्रेम खरं असतं. तरी लिहिलं पाहिजे. पुण्यात असो वा न्यू जर्सीत सहा महिन्यांसाठी गेलेली असो, आजीला आपण गृहीत धरतो. बाळ तिच्याजवळ ठेवताना 'तुला जमेल का?' हे विचारलं जात नाही. तिचं बुधवारचं भजन आपोआप बुडतं. भजनी मंडळ म्हणजे वेळ घालवण्याची जागा असा आपला समज आहे. पण तिथे पेटीवर बसणारी एक, टाळ धरणारी दुसरी, चाल बसवणारी तिसरी असते. एक आली नाही तर बाकीच्यांचं अडतं. आपल्यावाचून कुठेतरी अडतं आहे, ही जाणीव माणसाला सकाळी अंथरुणातून उठवते. गायिका डॉ. प्रभा अत्रे 13 जानेवारी 2024 ला गेल्या, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं.

आणि पैसा. आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा असतो आणि बाई थोडी जास्त जगते; त्यामुळे शेवटची काही वर्षं पुष्कळ जणींना एकटीने काढायची असतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, आणि तोही पूर्ण मालकीचा. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला शेतकऱ्यांना सांगितलं होतं. तरीही नवऱ्याचं दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच हक्कसोडपत्र पुढे येतं, आणि 'आईला कशाला हवंय' म्हणत तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. बक्षीसपत्र करून द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. अट पाळली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. मुलं चांगली असली तरी लिहून घ्यावी.

घरात या दिवाळीत वाटणीचं बोलणं निघणार असेल, तर तो कागद आधी आईच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर बाहेरच्या माणसाकडून वाचून घेऊ द्या. तिच्या उशाशी आठवडाभर राहू द्या. त्यानंतर ती 'नाही' म्हणाली, तर विषय तिथेच मिटवा आणि फराळाला बसा.