खर्ज किती हवा?

घरात टॉवर स्पीकरची चांगली जोडी आहे. गाणे नीट ऐकू येते. मग तिच्या जोडीला सबवूफर घ्यावा की नाही? प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा वाटतो, आणि दुकानदाराचे उत्तर ठरलेलेच असते. पण कुर्डुवाडीसारख्या गावात, जिथे एका घराची भिंत हीच दुसऱ्या घराची भिंत असते, तिथे हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. माझ्या गरजेची हद्द कुठे संपते आणि शेजाऱ्याचा हक कुठे सुरू होतो, असा तो प्रश्न आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बरा टॉवर स्पीकर 40 हर्ट्झच्या आसपास उतरतो. त्याखालचा तळ भरून काढणे हे सबवूफरचे काम. सिनेमातला स्फोट, डिस्कोचा ठोका, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे सर्वांत खालचे स्वर या तळाशी असतात.

आता आपण ऐकतो काय ते पाहू. कुर्डुवाडीचे नाव बार्शी लाइट रेल्वेशी जोडलेले आहे. 1897 साली इथून बार्शीपर्यंत सुरू झालेली ती अरुंद रुळांची गाडी 1927 साली पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत पोहोचली. आज रूळ रुंद झाले, वाट तीच आहे. त्या वाटेच्या शेवटी मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि त्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 पासून विसावले आहेत. मिरजेतच शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पिकतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या तंबोऱ्याची खर्जाची तार काळी एकमध्ये लावली तर सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. म्हणजे ती टॉवर स्पीकरच्या आवाक्यातच आहे. पुरुषाचा गाता आवाज सहसा त्याच्याही वरच राहतो. आणखी एक गंमत आहे. जवारीवर सुताचा धागा बसला की तारेतून वरचे स्वयंभू स्वर फुलतात. मूळ खालचा स्वर क्षीण असला तरी या वरच्या स्वरांवरून कान तो आपणच ओळखून घेतो. म्हणून छोट्या ट्रान्झिस्टरवरही आपल्याला षड्ज चुकत नाही. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांत खालचा भाग फारसा उतरलेलाच नाही, तरी त्या ऐकताना कुणाचे अडत नाही. जे मुद्रणातच नाही, ते सबवूफर कुठून आणणार?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सबवूफर म्हणजे केवळ दणका नव्हे. तो नीट जुळवला तर खालचे ओझे स्वतःकडे घेतो आणि टॉवरना मोकळे करतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला वजन येते. पाश्चात्त्य वाद्यवृंद किंवा आजचे चित्रपट-संगीत ऐकणाऱ्याला तो खरोखरच काही देतो. अशा माणसाने तो घेतला तर त्याला उधळ्या म्हणणे अन्याय होईल. परंतु बारा फुटी खोलीत साधारण 47 हर्ट्झचा आवाज भिंतींमध्ये सापडून आपोआप फुगतो. अनेकदा उणीव नसतेच, स्पीकर कोपऱ्यात चिकटवल्यामुळे घोळ झालेला असतो. तो हातभर पुढे ओढायला पैसे पडत नाहीत.

खरा पेच भिंतीपलीकडे आहे. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते. आपल्या विटांच्या भिंती तिला फारशा अडवत नाहीत. वरचे स्वर भिंतीत विरतात, खालचे पार होतात. म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याला राग येत नाही, शब्द येत नाहीत, फक्त धमक येते. आपण मैफल ऐकतो आणि तो आपली धडधड ऐकतो.

कायदा इथे फार मदत करत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ज्या मापाने हे मोजतात ते खालचे आवाज कमी धरते. 40 हर्ट्झचा 80 डेसिबलचा घुमारा त्या मापात जेमतेम 45 भरतो. मीटर निर्दोष ठरवेल, पण शेजारची आजारी आई झोपू शकणार नाही. कायदा जिथे बहिरा होतो, तिथून पुढे नीतीचा प्रांत सुरू होतो.

आपल्यात संगीताविषयीच मतभेद आहेत, हे खरे. इमाम गझालींनी समाअचा विचार विस्ताराने केला. मुळात आवाज निषिद्ध नाही, त्याला जोडून येणाऱ्या गोष्टी त्याला निषिद्ध करतात, असा त्यांचा रोख आहे. समाअसाठी योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती हवेत, हे जुनैद बगदादींचे म्हणणेही त्यांनी नोंदवले आहे. माझ्या मते आज भिंतीपलीकडचा माणूसही या सोबत्यांत मोजला पाहिजे, कारण त्याला न विचारता आपण त्याला मैफलीत बसवलेले असते. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानावरच पैगंबरांनी प्रश्न उभा केला आहे. हजरत लुकमाननी मुलाला आवाज खाली ठेवायला सांगितल्याचे कुरआनात आहे. हे आपण वाजमध्ये ऐकतो आणि ईद-ए-मिलादच्या जुलूसात डीजेची भिंत उभी करतो. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की गणेशोत्सवातला जो आवाज घातक, तो ईदच्या मिरवणुकीतही घातकच. हे न्यायालयाने सांगावे लागले, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. घरातला सबवूफर हा त्या डीजेचा लहान भाऊ आहे. फरक आकाराचा, सवय एकच.

इस्राफ म्हणजे फक्त पैशाची उधळपट्टी, असे आपण समजतो. पण शेजाऱ्याची शांतता खर्च करणे हाही इस्राफ आहे, आणि तो अधिक वाईट, कारण ती दौलत आपली नसते.

म्हणून माझा निर्णय असा: खयाल, ठुमरी, गझल, कव्वाली ऐकणाऱ्याने सबवूफर घेऊ नये. टॉवर पुरेसे आहेत. ज्याच्या संगीताला खरोखर तळ लागतो त्याने जरूर घ्यावा, पण विकत घेण्याआधी एक संध्याकाळ तो उसना आणावा, नेहमीच्या आवाजात लावावा आणि शेजारच्या घरात जाऊन बसावे. तिथे घोटभर चहा निवांत पिता आला, तर घ्यावा.