योगक्षेम आणि वसंत

श्रीभगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना ऋतूंमध्ये वसंत हे आपले रूप म्हटले आहे. शिशिरात झाडे उघडी पडतात, अंगण पाचोळ्याने भरते, आणि मग कोणी न बोलावता वसंत येतो. उत्तराखंडाच्या डोंगरउतारांवर बुरांस लाल होतो, मध्य भारतात व दख्खनेत पळस पेटल्यासारखा दिसतो, आणि गृहस्थाच्या परसातील आंब्यावर मोहोराचा सुगंध दरवळतो. या वैभवाचे मोल कोणी देत नाही. म्हणून वसंत पाहून हात सहज जोडले जातात.

परंतु तोच गृहस्थ दुखण्यातून उठून घरी येतो, आरोग्य विम्यामुळे घर विकावे लागले नाही हे त्याला कळते, तरी तेथे मात्र त्याचे हात जोडले जात नाहीत. तो म्हणतो, ‘इतकी वर्षे हप्ते भरले होते, माझे मला मिळाले.’ आणि ज्याच्या घरी ईश्वरकृपेने आजार आलाच नाही, तो म्हणतो, ‘यंदाचेही पैसे वाया गेले.’ ही दोन वाक्ये निराळी दिसली तरी दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. ते दूर झाल्यावाचून कृतज्ञता उपजत नाही.

प्रथम एका शंकेचा विचार केला पाहिजे. काही श्रद्धाळू जन विचारतात, ‘अनन्य भक्तांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतात, असे नवव्या अध्यायात अभिवचन आहे. मग विमा उतरविणे हा त्या वचनावरील अविश्वास नव्हे काय?’ याचे समाधान असे. न मिळालेले मिळणे हा योग आणि मिळालेल्याचे रक्षण होणे हा क्षेम. भगवंत हे दोन्ही करतात. पण ते बहुधा कोणाच्या तरी हातांनी करतात. तान्ह्या बालकाचे पोषण भगवंतच करतात, परंतु मातेच्या दुधाने. शेत तेच पिकवितात, परंतु शेतकऱ्याच्या घामाने. त्याचप्रमाणे रुग्णाचे रक्षण वैद्याच्या, परिचारिकेच्या आणि न पाहिलेल्या सहस्रावधी लोकांच्या वर्गणीच्या द्वारे झाले, तर ते भगवंतांचे कार्य नव्हे असे कोण म्हणेल? 1956 साली स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने गीतेतील त्याच अभिवचनाचे शब्द आपल्या बोधचिन्हावर घेतले, यात औचित्यच आहे. अविश्वास विमा उतरविण्यात नसतो. ‘मला दुसऱ्या कोणाची गरज नाही’ या अहंकारात असतो.

आता विमा म्हणजे काय, हे पाहावे. तो ठेव नव्हे. बँकेत ठेवलेला पैसा ठेवणाऱ्याच्या नावाने राहतो. विम्याच्या हप्त्याचे तसे नाही. ज्या वर्षी हप्ता भरला, त्या वर्षी तो मुख्यतः त्याच वर्षी आजारी पडलेल्या लोकांच्या उपचारांस व व्यवस्थेच्या खर्चास लागतो. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला पुरेसे मिळावे, हे त्याचे मर्म होय. 1948 च्या कायद्यानुसार कर्मचारी राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली, तिचे तत्त्व हेच. 2019 पासून तीत कामगाराच्या वेतनातून शेकडा 0.75 आणि मालकाकडून शेकडा 3.25 इतका वाटा घेतला जातो. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली, तिचेही तत्त्व हेच. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. तेथे रुग्ण हप्ता भरत नाही. केंद्र व राज्य सरकारे तो भार वाहतात. म्हणजे बाजारात साबणाची वडी घेताना जो कर देतो, त्या प्रत्येकाचा एक कण त्यात असतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञाचे चक्र सांगितले आहे. परस्परांना पोषून सर्वांनी श्रेय साधावे, आणि जो मिळालेले भोगतो पण परत काही देत नाही, तो चोर होय, असा तेथील कठोर निर्णय आहे. या दृष्टीने पाहिले तर हप्ता हा व्यवहार असूनही आहुती होऊ शकतो. कागद तोच, रक्कम तीच. भाव पालटला की कर्म पालटते.

येथे दृष्टान्त म्हणून इंदूरमधील एक निवृत्त कारकून डोळ्यांपुढे आणावा. बावीस वर्षे त्यांनी पती-पत्नींच्या पॉलिसीचा हप्ता भरला, आणि प्रत्येक वर्षी कुरकुरतच भरला. सत्तरीच्या उंबरठ्यावर, माघ महिन्यात त्यांच्या छातीत दुखू लागले आणि बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. चार लाख दहा हजारांचे बिल विमा कंपनीने चुकते केले. फाल्गुनात ते परसात खुर्ची टाकून बसू लागले. आंबा मोहोरला होता. म्हातारा माळी कडुनिंबाचा पाचोळा झाडून खड्ड्यात टाकीत होता आणि गेल्या वर्षीच्या खड्ड्यातील काळेभोर खत आंब्याच्या आळ्यात घालीत होता.

गृहस्थ जुनी वही काढून पत्नीला म्हणाले, “सगळे हप्ते मिळून दोन लाख ऐंशी हजार झाले. आपले पैसे अखेर परत आले म्हणायचे.”

पत्नी म्हणाल्या, “अहो, मग वरचे एक लाख तीस हजार कोणाचे? आणि खरे म्हणाल तर ते दोन लाख ऐंशी हजार तरी आपले कुठे उरले होते? त्या त्या वर्षी ते कोणाच्या तरी आजारात लागले. तुमच्या छातीवर जे टाके पडले, त्यांचा पैसा यंदा ज्यांना काही झाले नाही त्यांनी भरलेला. तेही तुमच्यासारखेच ‘वाया गेला’ म्हणत असतील.”

गृहस्थ निरुत्तर झाले. त्यांची दृष्टी माळ्याच्या टोपलीकडे गेली. पाने कडुनिंबाची, खत आंब्याला. गळणाऱ्या पानाला आपण वाया गेलो असे वाटले असते, तर ते चुकीचे ठरले असते. कारण वसंत जो दिसत होता, तो त्याच पानगळीवर पोसलेला होता. काही वेळाने त्यांनी माळ्याला विचारले, “बाबा, तुमचे वय किती? दवाखान्याचे कार्ड काढले आहे का?” म्हाताऱ्याने त्र्याहत्तर सांगितले, कार्ड नव्हते. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचा लाभ खुला झाला आहे, हे गृहस्थांनी वाचले होते. चालण्याइतकी शक्ती येताच ते म्हाताऱ्यासोबत आधार कार्ड घेऊन नोंदणी केंद्रात गेले आणि कार्ड हातात पडेपर्यंत त्यांनी तो पाठपुरावा सोडला नाही. पुढच्या वर्षीचा हप्ता त्यांनी देवासमोर निरांजन लावून मग भरला. तेव्हा त्यांच्या तोंडी कुरकुर नव्हती.

यातून गृहस्थाश्रमी साधकाने आचरणासाठी चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली, हप्ता भरताना क्षणभर थांबून, हा पैसा ज्याच्या उपचारास लागेल तो बरा होवो, अशी प्रार्थना करावी. वर्ष निरोगी गेले तर पैसा बुडाला असे न म्हणता, आरोग्य मिळाले आणि दानही घडले, असे समजावे.

दुसरी, विम्याच्या व्यवहारात असत्य आणू नये. अर्जात जुना आजार लपविणे, बिल फुगविणे, गरज नसता रुग्णालयात दाखल होणे हे चातुर्य नव्हे. कंपनी मोठी आहे, तिचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने ध्यानात ठेवावे की ते धन कंपनीचे नसून अनोळखी आजाऱ्यांचे आहे. तिसऱ्या अध्यायात ज्याला चोर म्हटले, तो हाच.

तिसरी, कार्ड आहे म्हणून देहाची हेळसांड करू नये. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा यांत प्रमाण राखण्याचा उपदेश आहे. जो आपल्या दोषाने आजार ओढवून घेतो, तो सर्वांच्या साठ्यातून अकारण उचल करतो.

चौथी, आपल्याला मिळालेले छत्र शेजाऱ्याला मिळाले आहे का, याची विचारपूस करावी. मोलकरीण, माळी, वॉचमन, गावी राहणारी वृद्ध आत्या यांना पुष्कळदा योजनेचा हक्क असतो, पण अर्ज भरून देणारे कोणी नसते. तेवढे अर्ध्या दिवसाचे काम करणे ही कृतज्ञतेची खरी पूजा होय.

विमा मृत्यूला अडवू शकत नाही, आणि वसंतही वैशाखाच्या उन्हात सरतो. दोन्ही उसने दान आहेत. देह अनित्य आहे हे जाणूनच, जो काळ वाढवून मिळाला तो कशासाठी, असा प्रश्न बऱ्या झालेल्या माणसाने स्वतःला विचारावा. झाड नव्या पालवीचे काय करते? सावली देते, फळ देते आणि वेळ आली की पाने पुन्हा मातीला देऊन टाकते. ज्या गृहस्थाच्या घरी आरोग्य परत आले, त्यानेही तसेच वागावे. म्हणजे वसंतरूपाने अंगणात आलेले भगवंत त्याच्या आचरणातही फुलतील.