व्रण आणि प्रारब्ध

हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो, असे वीस वर्षांपूर्वी कुणी ठामपणे म्हणू शकले नसते. आज ते म्हणता येते. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि या आजारावरच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागल्या. बहुतेकांचा उपचार बारा आठवड्यांत आटोपतो आणि शंभरातल्या पंच्याण्णवांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो. छत्तीसगडला याचे मोल अधिक आहे, कारण या राज्यात सिकलसेलचे रुग्ण फार, आणि त्यांच्यातल्या अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते. दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी भारतात सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्तातूनच विषाणू शरीरात येण्याची भीती होती. असा रुग्ण रायपूरला उपचार घेऊन बरा होतो, आणि तेव्हाच त्याला सांगितले जाते की लिव्हरला सिरॉसिस झालेला आहे, म्हणजे त्यावर व्रणांचे जाळे पसरले आहे, आणि कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यावे लागेल. इथे वैद्यकाहूनही जुना एक प्रश्न समोर येतो. जो मुक्त झाला त्याच्यामागे पूर्वीचे काय उरते? आणि जे उरले त्याकडे पाहत राहणे हा विवेक, की श्रद्धेतली उणीव?

वेदान्ताला हा प्रश्न चांगला ठाऊक होता. ज्ञान झाल्यावर कर्म जळून जात असेल, तर ज्ञान्याचा देह तत्क्षणी का पडत नाही? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत दिला: हात काढून घेतला तरी आधीच्या वेगाने चाक फिरत राहते. सुरू झालेले प्रारब्ध ज्ञानानंतरही चालू राहते. लिव्हरची स्थिती याच्याशी जुळते. विषाणू गेल्यावर कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो, पण ज्यांना आधीच सिरॉसिस झाला आहे त्यांच्यापैकी शंभरात सुमारे एकदोघांना दरवर्षी लिव्हरचा कर्करोग होतोच. हिपॅटायटिस बीमध्ये तर औषध विषाणूला दाबून ठेवते, त्याचे तुकडे पेशींच्या जनुकांत शिरून बसलेले असतात. मात्र हे साम्य एका जागी तुटते, आणि माझ्या मते सगळा विचार त्या जागेपाशीच आहे. परंपरा म्हणते, प्रारब्ध भोगूनच संपते. लिव्हरवरचा व्रण तसा नाही. विषाणू गेल्यावर काही वर्षांत अनेकांचा व्रण ओसरू लागतो. दोन सेंटिमीटरची गाठ वेळेत सापडली तर ती सुईवाटे उष्णता देऊन जाळता येते किंवा कापून काढता येते. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांची एकाच प्रकरणात जोड घातली, ती कर्मसिद्धान्ताचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा होऊ नये म्हणूनच. व्रणाकडे पाहणे हे त्या स्वातंत्र्याचे काम आहे. रक्त चढवलेल्या मुलाला त्याच्या पूर्वकर्माचा हिशेब सांगणे हे मात्र क्रौर्य आहे, मग ते कोणत्याही ग्रंथाच्या आधाराने केलेले असो.

यावर पहिला आक्षेप असा की देवाने बरे केले असताना पुन्हा पुन्हा तपासणे म्हणजे भीतीचीच उपासना. भीती खरी आहे, तिला कमी लेखू नये. पण ही भीती बहुधा आकड्याला ललाटलेख समजल्याने येते. पाचवीच्या रात्री सटवाई लिहून जाते ते एका माणसाचे नशीब असते. शंभरात दोन हे कुणा एकाचे भविष्य नव्हे. त्या वर्षी उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना लिव्हरचा कर्करोग होत नाही, आणि हे रुग्णाला तितक्याच स्पष्टपणे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. उलट बाजूने खोटा धीरही नको. उपचारानंतर लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा खाली येतो, पण त्यात सूज उतरल्याचा भाग मोठा असतो. आकडा सुधारला म्हणजे व्रण गेलाच, असे त्यावरून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा तपासणीने जीव वाचतात याला पुरावा काय? शांघायमध्ये सुमारे एकोणीस हजार लोकांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफी आणि रक्ततपासणीमुळे लिव्हरच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. बोलावलेल्यांपैकी साठ टक्केही नीट आले नव्हते, तरीही. तिच्या पद्धतीवर टीका झाली, ती रास्तच आहे. शिवाय ती उपचारानंतरच्या रुग्णांवर नव्हती. सोनोग्राफीची नजरही अधू आहे. कोरियात सिरॉसिसच्या ४०७ रुग्णांवर दोन्ही तपासण्या करून पाहिल्या. पुढे कर्करोग ठरलेल्या ४३ जणांपैकी एमआरआयने ३७ ओळखले, सोनोग्राफीने १२. पण एमआरआय दर सहा महिन्यांनी सगळ्यांना परवडणारा नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या लिव्हरमध्ये साठणारे लोह त्याच्याही चित्रात अडथळा आणते. एवढे सगळे मान्य करूनही माझा कौल सोनोग्राफी आणि सोबत रक्तातील एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) तपासणी या बाजूने आहे, कारण गाठ बोलू लागते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. याला एक मर्यादा मी मानतो. ज्याचे लिव्हर इतके निकामी झाले आहे की गाठ सापडूनही काही करता येणार नाही, प्रत्यारोपणही नाही, त्याला दर सहा महिन्यांनी यंत्राखाली झोपवू नये. तिथे पाहणे नुसते दुःख वाढवते.

यातून तपासणीला बोलावणाऱ्यावरही धर्म येतो. जगदलपूरहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. रोजगार बुडवून इतक्या लांब येणाऱ्याला जबाबदारीची शिकवण देण्याआधी ती सोनोग्राफी त्याच्या जिल्ह्यात आणि मोफत व्हायला हवी. आणि तुम्ही किंवा घरातल्या कुणी हिपॅटायटिसचा उपचार पूर्ण केला असेल, तर उपचारापूर्वीचा लिव्हरचा अहवाल शोधून काढा, जपून ठेवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: तेव्हा सिरॉसिस होता का?