नंदादीपाचें तेल

दान करणें हें पुण्यकर्म होय, याविषयीं आपल्याकडे कधीं दुमत झालेलें नाहीं. परंतु दान दिल्यानंतर दात्याचें कर्तव्य कोठें संपतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. परवां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हा प्रश्न अगदीं अनपेक्षित रूपांत माझ्यापुढें आणून ठेवला.

हा तरुण संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याचा व्यवसाय करतो. संकेतस्थळावर लेख अगर टिपण लिहिण्यासाठीं एक चौकट असते; तींत अक्षरें ठळक वा तिरपीं करतां येतात, याद्या व चित्रें घालतां येतात. तिला रिच टेक्स्ट एडिटर म्हणतात. 'व्ह्यू' नांवाच्या फ्रेमवर्कवर उभारलेल्या संकेतस्थळांत ही चौकट सहज बसवितां यावी, असा एक सुटा घटक त्यानें सात वर्षांपूर्वीं रचला आणि तो कोणींहि विनामूल्य वापरावा म्हणून जगाला देऊन टाकला. तेव्हांपासून नोकरीचे तास संपल्यावर त्याची निगा तो एकटाच राखीत आहे.

वरकरणीं क्षुल्लक दिसणारी ही चौकट मोठी हट्टी असते. ब्राउझरागणिक तिचें वर्तन थोडें थोडें पालटतें. 'क्ष' हें आपण एक अक्षर समजतों. युनिकोडच्या हिशेबीं तीं तीन चिन्हें आहेत : क, हलन्ताची खूण आणि ष. खोडण्याची कळ एकदां दाबली असतां त्यांतलें किती पुसलें जावें, येथूनच अडचणींना प्रारंभ होतो. त्यांत पायाहि स्थिर नसतो. व्ह्यूची तिसरी आवृत्ति २०२० सालीं निघाली आणि दुसरीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजीं संपला. दुसरीसाठीं लिहिलेलें पुष्कळसें नव्यानें लिहिणें भाग पडलें. २०२४ सालीं क्रोम ब्राउझरनें, पानांत होणाऱ्या बदलांची वर्दी देणारी एक जुनी व्यवस्था काढून टाकली. अशा रीतीनें घटकाला हात न लावतांहि तो जुना होत जातो.

"सर," तो म्हणाला, "मुलगी झाल्यापासून मला रात्रीं वेळ मिळत नाहीं. अनोळखी माणसें लिहितात, अमुक बिघडलें आहे, त्वरित दुरुस्त करा. मीं हें सोडून दिलें तर तो माझा अपराध होईल काय?"

कायद्याचें उत्तर सोपें आहे. अशा दानासोबत बहुधा एमआयटीच्या नांवानें ओळखला जाणारा परवाना असतो, आणि त्यांत स्पष्ट म्हटलेलें असतें कीं, वस्तु आहे तशी दिली आहे. कसलीहि हमी नाहीं. परंतु नीति कायद्यापाशीं थांबत नाहीं. पाणपोई घालण्याची सक्ति कोणावरहि नसते. तथापि तिच्या भरंवशावर वाटसरू पाणी बरोबर न घेतां निघूं लागले, म्हणजे भर दुपारीं रांजण पालथा करून निघून जाणें निर्दोष म्हणवेल काय? मार्च २०१६ मध्यें असेंच घडलें. 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्यानें एका नांवाच्या वादांतून एनपीएम या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली. तिच्यावर नकळत विसंबलेल्या असंख्य लोकांचीं कामें अडलीं, आणि भांडाराच्या चालकांना ती परत ठेवावी लागली.

मग मिळेल त्या हातीं काम सोंपवून मोकळें व्हावें काय? फायली आंवळून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाचा चालक थकला होता. एका अनोळखी मदतनिसानें दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास संपादन केला, आणि २०२४ सालीं त्याच हातानें आंत चोरदरवाजा बसविल्याचें उघडकीस आलें. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, सर्व्हरवर प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, अशी शंका आली म्हणून अनर्थ टळला. यांत थकलेल्या माणसाला दोष देणें मला जमत नाहीं. त्याला एकट्याला थकूं देणारे आपण सारे उपभोक्तेच मला अधिक दोषी वाटतात.

देवळांत नंदादीप लावणारे आमचे पूर्वज नुसती समई ठेवून जात नसत. तेलासाठीं एखाद्या शेताचें उत्पन्नहि लावून देत. दिवा लावणें एका दिवसाचें काम, तेवत ठेवणें पिढ्यांचें, हें त्यांस ठाऊक होतें. आज दिवा एकानें लावावा, तेल त्यानेंच घालावें, आणि उजेडांत बसून पैसा मिळविणाऱ्यांनीं वात काजळल्याची तेवढी तक्रार करावी, अशी रीत पडली आहे.

मीं त्याला म्हटलें, "तुला थांबण्याचा हक्क आहे, लपून थांबण्याचा नाहीं. अमुक तारखेनंतर मी हें पाहणार नाहीं, असें सर्वांना दिसेल असें लिही. दिलेलें परत घेऊं नकोस. वारस मिळाला तर पारखून घे. न मिळाला तर जागा रिकामी आहे, असें सांग. याहून अधिक तूं कोणाचें देणें लागत नाहींस."

"आणि ती तारीख ज्यांच्या दृष्टीस पडणार नाहीं, त्यांचें काय?" त्यानें विचारलें.

तें त्यांचें ऋण, तुझें नव्हे, असें मीं उत्तर दिलें खरें. परंतु हा लेख मीं अशाच एका चौकटींत लिहिला आहे. ती कोणीं रचली, आज तिच्याकडे कोण पाहतो, हें मला ठाऊक नाहीं. आणि त्या भेटीपूर्वीं विचारावें असेंहि कधीं मनांत आलें नव्हतें.